विश्लेषण : राज्याचा वकील आपण निवडत नाही; मग कायदा कोणासाठी उभा राहतो? दादासाहेब गायकवाडांच्या आयुष्यातून मिळणारे उत्तर

गायरानावर वर्षानुवर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती एके दिवशी अतिक्रमण हटवण्याची नोटीस पडते. प्रकरण उच्च न्यायालयात असते. तिथे राज्याच्या वतीने महाधिवक्ता किंवा सरकारी वकील उभे राहतात. ही घरे नियमित करण्याचा सरकारचा विचार आहे, की ती पाडण्याची तयारी आहे, हे तेच न्यायालयाला सांगतात. त्या दोन-चार वाक्यांवर त्या कुटुंबाचे बरेच काही अवलंबून असते. पण या वकिलाला त्या कुटुंबाने कधी मत दिलेले नसते. तशी सोयच आपल्याकडे नाही.

अमेरिकेत ती आहे. तिथल्या ५० पैकी ४३ राज्यांत राज्याचा ॲटर्नी जनरल मतदार थेट निवडतात. ग्राहकांची फसवणूक, मतदानाचा हक्क, पोलिसांची मनमानी अशा प्रश्नांवर राज्य कोणाविरुद्ध कोर्टात जाणार, हे त्या निवडणुकीतून बऱ्याच अंशी ठरते. म्हणूनच तिथले अल्पसंख्य आणि गरीब समाज या निवडणुकीकडे बारकाईने पाहतात.

महाराष्ट्रात या पदाला महाधिवक्ता म्हणतात आणि ते नेमणुकीने भरले जाते. मग ज्यांच्याकडे पैसा नाही, जमीन नाही, अशा समाजाचा कायद्याच्या अंमलावर काही धरबंध असतो का? नाशिक जिल्ह्यात याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात पाहता येते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे ते नाव. त्यांच्या नावाची सरकारी योजना गावोगाव माहीत आहे. त्यांनी केलेल्या निवडणुका आणि सत्याग्रह यांचा एकमेकांशी असलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

महाधिवक्ता कोण नेमतो?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्या व्यक्तीकडे असावी लागते. पदाला ठरावीक मुदत नाही; राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ते टिकते. व्यवहारात ही मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाचा सल्ला. त्यामुळे सरकार बदलले की महाधिवक्ता बहुधा राजीनामा देतो आणि नवे सरकार नवा माणूस आणते. अनुच्छेद १७७ प्रमाणे तो विधिमंडळात बोलू शकतो, पण त्याला मत नसते.

जिल्हा न्यायालयातले सरकारी वकीलही शासनच नेमते. म्हणजे मतदार आमदार निवडतो, आमदारांच्या बहुमतावर सरकार बनते आणि सरकार वकील नेमते. मतदार आणि राज्याचा वकील यांच्यात दोन पायऱ्यांचे अंतर आहे. अंतर असले तरी धागा तुटलेला नाही. गायकवाडांच्या तरुणपणी तो धागाच नव्हता.

आंबे गावचा मुलगा

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी महार कुटुंबात झाला. त्या काळात महार समाज गावाची आणि सरकारची कामे वतन म्हणून करी. सरकारी कामगाराला दिशा दाखवणे, सारा वसुलीच्या वेळी माणसे बोलावून आणणे, निरोप पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे अशी ती कामे होती. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते मिळे. जमीन नावापुरती आणि राबणूक मात्र दिवसरात्र, असा हा मामला होता. नोकराला पगार नाही आणि वतनदाराला मान नाही, अशी दुहेरी कुचंबणा त्यात होती.

नाशिकला आल्यावर गायकवाड डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ओढले गेले. मुलांच्या वसतिगृहाचे काम असो की परिषदेची वर्गणी, खेड्यापाड्यांत पायी फिरून माणसे जोडण्याची त्यांची हातोटी होती. इंग्रजी वकिली भाषेत ते फारसे रमणारे नव्हते. खेड्यातल्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलणारा, धोतर नेसणारा हा कार्यकर्ता पुढे जिल्ह्यातील आंबेडकरी चळवळीचा कणा बनला.

काळाराम मंदिरासमोर कायदा कोणाच्या बाजूने होता?

२ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये परिषद झाली आणि त्यानंतर हजारोंची शिस्तबद्ध मिरवणूक पंचवटीतील काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसू लागल्या. त्यात स्त्रियाही होत्या. नेतृत्व बाबासाहेबांचे होते, पण ते मुंबईला परतल्यावर महिनोन् महिने ही आघाडी चालवण्याचा भार स्थानिक मंडळींवर होता. त्यांत गायकवाड सर्वांत पुढे होते.

९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रा होती. रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा, असा समझोता झाला होता. तो पाळला गेला नाही. रथ पळवला गेला, दगडफेक झाली, अनेक जण जखमी झाले. शहरात आणि आसपासच्या गावांत त्याचे पडसाद उमटले. पुढची पाच वर्षे हा लढा कधी जोरात, कधी धीम्या गतीने चालू राहिला. बंदीहुकूम, अटका आणि खटले हे सगळे सत्याग्रहींच्या वाट्याला आले.

इथे कायद्याच्या यंत्रणेची रचना पाहण्यासारखी आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांत द्विदल राज्यपद्धती होती. शिक्षण, आरोग्य अशी काही खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे होती. पोलीस, न्याय आणि सुव्यवस्था ही खाती राखीव होती, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे होती. मंदिरासमोर बंदीहुकूम काढणारा अधिकारी कोणत्याही मतदाराला उत्तर देणे लागत नव्हता. शांतता राखायची म्हणजे आहे ते तसेच ठेवायचे, हा त्या यंत्रणेचा स्वभाव. आहे ते म्हणजे बंद दरवाजा. पोलीस दोन गटांच्या मध्ये उभे राहिले, तरी प्रत्यक्षात पहारा दरवाजालाच मिळाला.

कायदेमंडळात चांगला ठराव होऊनही अंमल होत नाही, याचा अनुभव त्याआधीच आला होता. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो सांगत होता. त्यावर विसंबून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण तळ्यावर जाणाऱ्याला संरक्षण कोण देणार, हे कोणी ठरवले नव्हते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्यातून झाला. तळ्याचा दिवाणी दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. तो निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, पण तोवर दहा वर्षे गेली होती.

सत्याग्रह थांबवून निवडणूक का?

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून मंदिराचा सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. समाजाने आपली शक्ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावी, असा त्याचा आशय होता. देवळात जाऊन कोणाचे पोट भरणार नाही आणि दरवाजा उघडण्यासाठी याचना करण्यापेक्षा सत्तेत वाटा मिळवणे मोलाचे, हा विचार त्यामागे होता. चार वर्षे मार खाल्लेल्या कार्यकर्त्यांना हे पटवणे सोपे नव्हते. ते काम गायकवाडांच्याच पदरी आले.

त्याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या परिषदेच्या उभारणीतही नाशिकच्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता.

दरम्यान दिल्ली-लंडनमध्ये नियम बदलत होते. सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी राखीव जागा वाढल्या. १९३५ च्या कायद्याने द्विदल पद्धती प्रांतांतून गेली आणि पोलीस, न्याय ही खातीही निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आली. आता निवडणुकीला खरा अर्थ होता. मतदानाचा हक्क मात्र सर्वांना नव्हता. मालमत्ता, करभरणा किंवा शिक्षण यांच्या अटी होत्या. बहुतेक शेतमजूर यादीबाहेरच राहिले.

मुंबई प्रांतात आणखी एक बारीक पण महत्त्वाचा नियम होता. अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. बाबासाहेबांनी या पद्धतीचा आग्रह धरला होता. संख्येने कमी असलेला समाज एकगठ्ठा मते देऊन आपला माणूस आणू शकेल, हा हिशेब त्यामागे होता. मते कशी मोजायची यावरून कोण निवडून येणार हे बदलते, ही गोष्ट त्या काळात फार थोड्यांनी ओळखली होती. खेड्यातल्या मतदाराला ही पद्धत समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम, आणि नाशिकमध्ये कार्यकर्त्यांची वाण नव्हती.

१९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे १७ उमेदवार उभे होते आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. नाशिकमधून भाऊराव गायकवाड मुंबई विधानसभेत गेले. सात वर्षांपूर्वी ज्याला मंदिराच्या पायरीवर पोलिसांनी अडवले, तो आता गृहमंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारू शकत होता.

विरोधी बाकावरून काय मिळाले?

फार मिळाले, असे म्हणणे धाडसाचे होईल. बाळासाहेब खेरांचे काँग्रेस सरकार १९३७ ते १९३९ अशी जेमतेम सव्वादोन वर्षे टिकले. १९३८ मध्ये मंदिर प्रवेशाचा एक कायदा झाला, पण मंदिर खुले करायचे की नाही हे त्याने विश्वस्तांच्या इच्छेवर सोडले. ज्यांनी दरवाजा बंद केला त्यांनाच तो उघडण्याचा अधिकार देणारा हा कायदा होता. काळाराम मंदिरासारखी मंदिरे सर्वांना खुली होण्यासाठी १९४७ चा मंदिर प्रवेश कायदा यावा लागला. त्यात इच्छेचा प्रश्न उरला नव्हता. अडवणे हा गुन्हा ठरला. दोन कायद्यांतला हा फरक नऊ वर्षांचा आहे आणि तो शब्दांच्या निवडीत आहे.

महार वतनाचा प्रश्न मात्र गायकवाडांनी धरून ठेवला. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले होते. पुढे सरकारने वतनी जमिनीवरचा जुडी नावाचा कर वाढवायचे ठरवले, तेव्हा १९३९ मध्ये नगर जिल्ह्यात हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. आधीच फुकट राबायचे आणि वर जास्त कर भरायचा, हे कोणालाही पटणारे नव्हते.

वतन शेवटी गेले ते १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्याने. राबणूक संपली. जमिनी ठरावीक रक्कम भरून पूर्वीच्या वतनदारांना परत मिळण्याची तरतूद झाली, पण नव्या शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. हेतू संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात रक्कम कोणी भरली, सातबारावर नाव कोणाचे लागले, परवानगी कशी मिळाली, या प्रश्नांवरून वतनी जमिनींचे वाद आजही मधूनच पेटतात. त्या प्रत्येक वादात राज्याचा वकील कोणती भूमिका घेतो, हे पुन्हा महत्त्वाचे ठरते.

अकरा वर्षे बाहेर

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा मुंबई प्रांतात पार धुव्वा उडाला. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेवरही बहुसंख्यांची मते निर्णायक ठरतात, हे त्या निकालाने दाखवून दिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून स्वतः बाबासाहेब पडले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष लोकसभेत निवडून येऊ शकला नाही, ही त्या दशकाची नोंद आहे.

गायकवाडांनी हा काळ संघटना टिकवण्यात घालवला. १९५३ मध्ये मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्याच्या उभारणीत ते होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. संघटनेत वारसाचा प्रश्न उभा राहिला. लोक ज्यांना दादासाहेब म्हणत, त्या गायकवाडांकडे बरेचजण पाहू लागले.

लोकसभेत नाशिक

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर झाली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर होती. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. एकट्याच्या समाजाच्या मतांवर हे शक्य नव्हते. समितीतले समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट यांची मते मिळाली म्हणून तो विजय झाला. १९४६ चा धडा उलट्या बाजूने गिरवला गेला: बहुसंख्यांची मते निर्णायक असतील, तर ती कोणत्या मुद्द्यावर मिळवायची ते ठरवा.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. वर्ष-दोन वर्षांतच तो फुटला. फुटीचे कारण आजच्या विषयाशी थेट जोडलेले आहे.

बॅरिस्टर-वकिलांचा आणि शिकलेल्या तरुणांचा एक गट बी. सी. कांबळे यांच्याभोवती होता. घटना आली, मताचा अधिकार आला, न्यायालये आली. आता सत्याग्रहाचा मार्ग सोडला पाहिजे, बाबासाहेबांनीही घटना समितीत तेच सांगितले होते, असे त्यांचे म्हणणे. दादासाहेबांचे म्हणणे वेगळे होते. ज्याच्याकडे जमीन नाही, कोर्टाची फी भरायला पैसे नाहीत आणि ज्याच्या आमदाराला सरकार विचारत नाही, त्याने फक्त पाच वर्षांनी येणाऱ्या मतदानाची वाट पाहावी का? लोकांनी दोन्ही गटांना पँटवाले आणि धोतरवाले अशी नावे दिली. कागदोपत्री त्यांना दुरुस्त आणि नादुरुस्त म्हटले गेले.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. फूट मात्र महाग पडली. एकत्र असताना जे मतांचे ओझे सरकारला जाणवत होते, ते विभागल्यावर तितके राहिले नाही.

भूमिहीनांचा सत्याग्रह : मागणी नेमकी काय होती?

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून मुंबई राज्यात कुळांना जमिनीची मालकी मिळू लागली. पण कूळ असण्यासाठी कसायला जमीन हवी. दुसऱ्याच्या शेतात रोजंदारी करणारा मजूर कूळ नव्हता, म्हणून त्याला काही मिळाले नाही. दलित समाजातील मोठा भाग याच गटात होता. जमीनदाराकडून जमीन काढून घेणारा तो कायदा क्रांतिकारक होता खरा, पण सगळ्यात खालच्या माणसापर्यंत तो पोहोचत नव्हता.

दादासाहेबांनी बोट ठेवले ते सरकारच्या ताब्यातील पडीक, गायरान आणि वनाच्या जमिनींवर. १९५९ मध्ये खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा अशा भागांत भूमिहीनांनी या जमिनींवर नांगर धरला आणि अटक करून घेतली. तुरुंग भरले. त्यात दलितांबरोबर आदिवासी आणि इतर जातींचे भूमिहीनही होते, आणि हे या सत्याग्रहाचे वेगळेपण आहे. मंदिराच्या लढ्यात जो समाज एकटा पडला होता, तो जमिनीच्या लढ्यात एकटा नव्हता. लोकसभेचा सदस्य एकीकडे सभागृहात जमिनीवर बोलतो आणि दुसरीकडे जमीन नांगरून अटक करून घेतो, हे चित्र सरकारला अडचणीचे होते.

पुढे १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा झाला. त्याचे श्रेय एकट्या सत्याग्रहाला देता येणार नाही. देशभर जमीन सुधारणांचे वारे होते. पण भूमिहीनाचा प्रश्न कागदावर ठेवणारी माणसे सभागृहात आणि रस्त्यावर एकाच वेळी होती, हे नाकारता येत नाही.

१९६२ मध्ये नाशिकची जागा काँग्रेसकडे गेली आणि दादासाहेब राज्यसभेवर गेले. तिथे ते १९६८ पर्यंत होते. १९६४ च्या १ ऑक्टोबरला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. भूमिहीनांना जमीन, किमान वेतनाची अंमलबजावणी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र अशा मागण्या होत्या. अनेक राज्यांत मिळून लाखोंनी अटक करून घेतली. तैलचित्र लागायला १९९० साल उजाडले.

अटक झालेल्यांच्या खटल्यांचे काय होते?

आंदोलनानंतर गुन्हे मागे घेतल्याची घोषणा आपण नेहमी ऐकतो. ते नेमके कोण करते, हे कमी जणांना माहीत असते. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकील न्यायालयात करतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये ही तरतूद होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. वकिलाने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो आणि न्यायालयाची संमती लागते. पण सुरुवात मंत्रालयातल्या निर्णयाने होते. कोणत्या आंदोलनाचे खटले मागे घ्यायचे आणि कोणाचे चालू ठेवायचे, यावर मतांचा हिशेब दिसतो तो इथे. ज्या समाजाचे वजन सरकारला हवे असते, त्याच्या फायली लवकर हलतात.

दादासाहेबांनी हे वजन वापरण्याचा आणखी एक मार्ग पत्करला आणि त्यावर खूप टीका झाली. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. त्याआधी, महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतरावांच्या सरकारने धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या शैक्षणिक आणि इतर सवलती लागू केल्या होत्या. केंद्राने नवबौद्धांना अनुसूचित जातींत धरायला १९९० साल घेतले. सरकारशी बोलता येण्याचे मोल दादासाहेबांना दिसत होते. काही जागा आणि काही पदे मिळाली. पण विरोधी पक्ष म्हणून असलेली धार बोथट झाली आणि कार्यकर्त्यांना उमेदवारीसाठी काँग्रेसकडे पाहण्याची सवय लागली. पुढच्या पिढीचा राग त्यातून वाढला. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले आणि पाच महिन्यांनी, मे १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली.

आज हा प्रश्न कुठे आहे?

गायरानावर. १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याची वाट खुली केली. ज्यांच्याकडे पुरावा होता त्यांना लाभ झाला. ज्यांचा पंचनामा किंवा दंडाची पावती नव्हती ते अडकले. सत्याग्रहात झालेल्या दंडाची पावती पुढे कसत असल्याचा पुरावा ठरली, असा उलटा न्याय काहींच्या बाबतीत झाला.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याची योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. त्याच निकालात एक अपवाद आहे. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशाने जमीन दिली असेल, तर नियमित करता येते. म्हणजे निकाल एकच, पण राज्याचा वकील त्यातला कोणता भाग पुढे करतो यावर चित्र बदलते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत हटवण्यास सांगितल्यावर राज्यभर नोटिसा निघाल्या. मोर्चे निघाले, विषय विधिमंडळात गाजला आणि आपण पुन्हा न्यायालयात जाऊ, असे सरकारने जाहीर केले. महाधिवक्त्याच्या कार्यालयाने मांडायची भूमिका काही आठवड्यांत बदलली, ती गावांतून आलेल्या या दबावामुळे.

दादासाहेबांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तिची तरतूद आहे. सुरुवातीला निम्मी रक्कम कर्ज होती, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. सरकार ही जमीन बाजारातून विकत घेते. ठरवलेल्या दरात विकायला फारसे कोणी तयार होत नाही, विशेषतः नाशिकसारख्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात. त्यामुळे अर्ज बरेच आणि जमीन थोडी, अशी स्थिती असते. दर किती ठेवायचा, हा निर्णय शासनाचा आहे आणि तो शासन निर्णयानेच बदलतो. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावा लागतो. नाशिकमधल्या अर्जदारांत दिंडोरी तालुक्याचेही लोक असतात.